खिशातल्या प्लेअरवर कोणते गाणे आहे, ते इतरांना नीट कसे सांगावे

गाणे ऐकणारी दोन माणसे भेटली की ‘सध्या काय ऐकताय?’ हा प्रश्न हमखास निघतो, आणि ‘थोडे भीमसेनजी, थोड्या किशोरीताई, बाकी नाट्यसंगीत’ असे त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. अशा उत्तराने गप्पांना सुरुवात होते, पण समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. भीमसेन जोशी साठ वर्षांहून अधिक काळ गायले. एकेक राग त्यांनी वेगवेगळ्या वयात, वेगवेगळ्या साथीदारांबरोबर, कधी साडेतीन मिनिटांत तर कधी तासभर मांडला. त्यातले नेमके कोणते गाणे आपल्या खिशात आहे, हे नुसत्या नावावरून कळायला मार्ग नाही.

माझ्याकडे बत्तीस जीबीचे कार्ड घातलेला एक साधा प्लेअर आहे. त्यात सहाशेहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत आणि त्यांची यादी मी गेली काही वर्षे ओळखीच्या श्रोत्यांना देत आलो आहे, त्यांच्याकडून त्यांच्या याद्या घेत आलो आहे. या देवाणघेवाणीतून एकच कसोटी माझ्या मनात पक्की झाली आहे: यादी वाचणाऱ्याला नेमके तेच ध्वनिमुद्रण ओळखता आले पाहिजे आणि ते त्याच्याकडे आधीपासून आहे की नाही, हे न ऐकताही सांगता आले पाहिजे. पुढे जे सांगणार आहे, ते सगळे या कसोटीवर बेतलेले आहे.

नोंदीत काय असावे

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, तेव्हा त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी पाठवली. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या तबकडीच्या यादीतली नोंद साधारण अशी आहे: भारत, राग, ‘जात कहाँ हो’, गायिका सूरश्री केसरबाई केरकर, ३ मिनिटे ३० सेकंद. देश आहे, चीजेचे, म्हणजे रागात बांधलेल्या पद्यरचनेचे, पहिले शब्द आहेत, गायिका आहे, कालावधीही आहे. रागाचे नाव मात्र नाही. नुसता ‘राग’ एवढाच शब्द आहे. आपल्यापैकी कोणीही ही नोंद केली असती तर ‘भैरवी’ हा शब्द सर्वांत आधी लिहिला असता. मात्र त्या नोंदीतली एक गोष्ट आपण सहसा लिहीत नाही आणि ती लिहायलाच हवी. ती म्हणजे कालावधी.

दोन प्रती एकाच ध्वनिमुद्रणाच्या आहेत का, हे ताडून पाहण्याचे सर्वांत सोपे साधन कालावधी हेच आहे. एकाच गायकाचा मारवा दोघांकडे असेल आणि एकाकडे तो एकवीस मिनिटे चाळीस सेकंदांचा, तर दुसऱ्याकडे बावन्न मिनिटांचा असेल, तर ती दोन वेगळी गाणी आहेत किंवा एक दुसऱ्याचा तुकडा आहे, हे तत्काळ कळते. कालावधी प्लेअर स्वतःच दाखवतो, त्यामुळे तो लिहून घ्यायला कष्टही पडत नाहीत.

शास्त्रीय संगीताच्या नोंदीत गायक किंवा वादक, राग, चीजेचे पहिले शब्द, लय आणि ताल, कालावधी आणि मूळ स्रोत एवढे असावे. साथीदार माहीत असतील तर तेही लिहावेत. यातली चीजेचे शब्द ही बाब टाळू नये. रागाच्या नावात घोटाळा होऊ शकतो, पण शब्द आठवणीला पक्के चिकटलेले असतात. ‘किशोरी आमोणकर, भूप’ एवढ्याने काम भागत नाही. ‘किशोरी आमोणकर, राग भूप, विलंबित प्रथम सूर साधे, द्रुत सहेला रे’ असे लिहिले की मराठी श्रोत्याला ती जुनी तबकडी डोळ्यांसमोर दिसते आणि तो लगेच सांगतो की, ‘हे आहे माझ्याकडे, दुसरे एखादे असेल तर कळवा.’

रागाच्या नावाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण याद्यांमध्ये सर्वाधिक चुका तिथेच होतात. मराठीत ‘भूपाळी’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक भूपाळी म्हणजे पहाटे देवाला जागे करण्यासाठी म्हटलेले गीत, आणि दुसरी भूपाळी म्हणजे भूप राग, जो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. यादीत नुसते ‘भूपाळी’ लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याने काय समजायचे? म्हणून रागाला ‘भूप’ म्हणावे आणि गीतप्रकाराला ‘भूपाळी (गीत)’ म्हणावे. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच आहेत. फरक आहे तो चलनाचा, म्हणजे स्वर कसे फिरतात त्याचा, आणि स्वरांवरच्या वजनाचा. देशकारात धैवत सारखा पुढे येतो आणि गाणे वरच्या अंगाने चालते, तर भूपात गंधारावर ठेहराव असतो. माझ्याकडे आलेल्या याद्यांत देशकाराला भूप म्हटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तसेच मालकंस आणि संपूर्ण मालकंस यांचे. जयपूर घराण्याच्या गायकांनी गायलेला संपूर्ण मालकंस हा वेगळा राग आहे, त्यात रिषभ आणि पंचमही लागतात, आणि यादीत ‘संपूर्ण’ हा शब्द गाळला की शोधणाऱ्याची पार दिशाभूल होते. रागाबद्दल खात्री नसेल तर रागाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकावे. चुकीच्या नावापेक्षा प्रश्नचिन्ह कितीतरी चांगले. ते पाहून जाणकार स्वतःहून मदतीला येतात.

चीजेच्या अंतऱ्याकडे, म्हणजे दुसऱ्या भागाकडे, कान दिला तर रचनाकाराचे नावही पुष्कळदा मिळते. ‘प्रेमपिया’ म्हणजे आग्र्याचे फैयाज खाँ, ‘प्राणपिया’ म्हणजे विलायत हुसेन खाँ, ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. या मुद्रा, म्हणजे रचनाकारांची टोपणनावे, रचनेतच गुंफलेल्या असतात. अशी मुद्रा ऐकू आली तर ती नोंदीत लिहून ठेवावी.

अभंग, नाट्यपदे, भावगीते

या प्रकारांत गायकाचे नाव एकट्याने पुरत नाही आणि गाण्याचे नावही एकट्याने पुरत नाही. एकच अभंग पाच जणांनी पाच चालींत गायलेला असतो. म्हणून शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि गळा कोणाचा, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ची नोंद माझ्या यादीत अशी आहे: अभंग संत नामदेवांचा, चाल राम फाटक यांची, गायक भीमसेन जोशी, राग अहिरभैरव. त्यानंतर कालावधी आणि स्रोत.

अभंग कोणाचा, हे शोधायला ग्रंथ उघडण्याची गरज क्वचितच पडते, कारण शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘चोखा म्हणे’ या सरळ आहेत. ‘बापरखुमादेवीवरु’ आले की ती ज्ञानदेवांची मुद्रा समजावी. अडचण इतकीच की ध्वनिमुद्रणात कधी शेवटचे कडवे गायलेलेच नसते. अशा वेळी अंदाजाने तुकोबांचे नाव टाकून मोकळे होण्याचा मोह होतो, तो आवरावा आणि गाथेत पाहूनच नाव लिहावे.

नाट्यपदाच्या नोंदीत नाटकाचे नाव हवेच. ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले; नाटक आणि पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. शंभराहून अधिक वर्षांत ही पदे अनेक पिढ्यांच्या गायकांनी रंगमंचावर गायली आहेत आणि मैफिलीतही गायली आहेत. रंगमंचावर पद आटोपशीर असते, मैफिलीत त्याचाच विस्तार होतो. म्हणून ‘मैफिलीतले’ किंवा ‘नाटकातले’ असा एक शब्द नोंदीत जोडावा. भावगीतांना कवी, संगीतकार आणि गायक एवढे पुरते. तिथे राग लिहिण्याचा अट्टाहास धरू नये.

ज्या फाइलीला नावच नाही

प्रत्येकाच्या प्लेअरवर ‘ट्रॅक ०७, अज्ञात कलाकार’ असे काही तरी असतेच. माझ्याकडच्या अशाच एका फाइलीची ओळख कशी पटवली ते सांगतो, म्हणजे कोणत्या खुणा पाहायच्या हे लक्षात येईल.

फाइल सुरू केली की आधी खरखर, मग तंबोरे, मग पुरुषाचा आवाज. बरोबर तीस मिनिटांच्या सुमारास तान अर्धवट तुटते, खट् असा आवाज येतो आणि मग गाणे पुन्हा मधूनच सुरू होते. याचा अर्थ हे साठ मिनिटांच्या कॅसेटवरून घेतलेले आहे, कारण तिची एक बाजू तीस मिनिटांची असते. पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारास तुटले असते तर नव्वदची कॅसेट समजायची. म्हणजे हे मुळात विकत मिळणारे ध्वनिमुद्रण नसून कोणी तरी रेडिओवरून किंवा मैफिलीत टेप केलेले गाणे असावे. मग मी संवादिनीवर (पेटीवर) गायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, जुळवून पाहिला. तो काळी एक आणि पांढरी दोन या लागोपाठच्या पट्ट्यांच्या मध्ये, म्हणजे कोणत्याच पट्टीत नीट बसेना. टेपरेकॉर्डर थोडा वेगाने चालला की असे होते. वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. तो हिशेब मागे घेतला तेव्हा पट्टी काळी एकच्या जवळ आली. शेवटी फाइल अगदी टोकापर्यंत ऐकली, टाळ्या संपल्या, आणि त्यानंतर दोन सेकंद निवेदिकेचा आवाज आला. तिने रागाचे आणि तबलजींचे नाव घेतले. गायकाचे नाव त्या आधीच्या बाजूला, कॅसेटच्या सुरुवातीला कापले गेले असणार. ते पुढे एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी गाणे ऐकून सांगितले. पण त्यांच्यापुढे मी ‘ट्रॅक ०७’ ठेवला असता तर त्यांनी तो लावूनही पाहिला नसता. राग, ताल, साथ आणि पट्टी लिहिलेली होती, म्हणून त्यांची उत्सुकता जागी झाली.

यातून एक गोष्ट कटाक्षाने पाळावी असे मला वाटते. रेडिओवरून घेतलेल्या गाण्याच्या आधीचे आणि नंतरचे निवेदन कधीही कापू नये. पुष्कळ जण गाणे स्वच्छ करण्याच्या भरात ते उडवून टाकतात आणि गाण्याचा जन्मदाखलाच हरवून बसतात. ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभकाळी हे लोकांना उमगलेले होते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे हे कळण्यासाठी त्या घोषणेचा उपयोग होई. जुन्या अठ्ठ्याहत्तर गतीच्या तबकड्यांवरून आलेल्या फाइली आपल्याकडे असतील तर त्यांचे शेवटचे पाच सेकंद आवर्जून ऐकावेत.

यादी प्लेअरमधून बाहेर कशी काढावी

शंभरच्या आत ध्वनिमुद्रणे असतील तर वही आणि पेन पुरे. रोज दहा गाणी ऐकावीत आणि दहा नोंदी कराव्यात; या पद्धतीने केलेली यादी सर्वांत अचूक होते, कारण प्रत्येक नोंद कानाखालून गेलेली असते. पुढे ती टाइप करावी, कारण वहीच्या पानाच्या फोटोत कोणाला काही शोधता येत नाही. बोटांनी टाइप करणे जड जात असेल तर फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. रागांची नावे ती बरीचशी बरोबर उतरवते, चीजांचे ब्रज भाषेतले शब्द मात्र तपासून घ्यावे लागतात.

संख्या जास्त असेल तर संगणकाची मदत घ्यावी. प्लेअर केबलने संगणकाला जोडावा. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. प्लेअर चार्ज होतो पण संगणकावर दिसत नाही, असे झाले तर आधी केबल बदलून पाहावी. मग ‘एमपीथ्रीटॅग’ किंवा तत्सम एखाद्या मोफत प्रोग्रामात सगळे फोल्डर उघडावे. हा प्रोग्राम प्रत्येक फाइलीच्या पोटात दडलेली माहिती, म्हणजे टॅग, तक्त्यात दाखवतो, ती दुरुस्त करू देतो आणि पूर्ण झालेली यादी स्प्रेडशीटमध्ये उघडता येईल अशा रूपात निर्यात करून देतो. कालावधी, फाइलीचा आकार आणि बिटरेट (गाण्याच्या दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे तो आकडा) हे रकाने आपोआप भरून येतात. बिटरेट यादीत ठेवावा, कारण त्यावरून प्रतीचा दर्जा कळतो. १२८चा बिटरेट असेल तर मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते आणि ३२०चा असेल तर जवळजवळ अडीच एमबी. तंबोऱ्याची आस ऐकायची असेल तर हा फरक कानाला जाणवतो.

निर्यात केलेली यादी जशीच्या तशी कोणाला पाठवू नये. फोनचे कार्ड असेल तर त्यात कॉल रेकॉर्डिंग, घरातल्यांचे व्हॉइस मेसेज, नातवंडांचे बोबडे बोल, असे सगळे गाण्यांच्या रांगेत येऊन बसते, आणि कॉल रेकॉर्डिंगच्या फाइलीच्या नावातच समोरच्याचा फोन नंबर असतो. अशा ओळी आधी काढाव्यात. घरगुती मैफिलींच्या नोंदींत यजमानांचे नाव न घालता ‘घरगुती मैफल, पुणे’ एवढेच लिहावे. ज्यांनी आपल्याला दिवाणखान्यात बसून गाणे ऐकू दिले, त्यांचा पत्ता चारचौघांत फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

देवनागरीची अडचण

यादी देवनागरीतच असावी, असे माझे ठाम मत आहे. रोमन लिपीत आभोगी, मालकंस, पूरिया ही नावे प्रत्येक जण आपापल्या मनाने लिहितो आणि मग एकच राग यादीत चार ठिकाणी विखुरतो. परंतु प्लेअर देवनागरीशी नेहमी नीट वागतोच असे नाही, आणि त्याचे कारण समजून घेतले तर उपाय सोपा होतो.

एमपीथ्रीच्या जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये कलाकाराच्या नावासाठी फक्त तीस बाइट जागा असते आणि ती पद्धत रोमन लिपीसाठीच आखलेली होती. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात तीन बाइट घेते. आता ‘भीमसेन जोशी’ ही अक्षरे मोजून पाहा: भ, दुसरी वेलांटी, म, स, मात्रा, न, मग एक मोकळी जागा, मग ज, ओकार, श आणि पुन्हा दुसरी वेलांटी. दहा चिन्हांचे तीस बाइट आणि मोकळ्या जागेचा एक, असे एकतीस बाइट होतात. म्हणजे पंडितजींचे नाव त्या चौकटीत एका बाइटने मावत नाही, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हे किंवा तुटलेली अक्षरे दिसतात. म्हणून टॅग जतन करताना प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये नव्या पद्धतीचा, म्हणजे दोन-पॉइंट-तीन आवृत्तीचा आणि यूटीएफ-१६ संकेताचा पर्याय निवडावा. त्यात नावाच्या लांबीची अशी अडचण नसते आणि बहुतेक प्लेअर ती आवृत्ती वाचतात.

काही स्वस्त प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँटच नसतो. तिथे कोणताही टॅग लावला तरी चौकोनच दिसतात. त्यावर मी केलेला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला तीन आकडी क्रमांक घालावा, पुढे रोमन लिपीत जुजबी नाव असू द्यावे, आणि तोच क्रमांक देवनागरी यादीत लिहावा. प्लेअरवर १४३ वाजत असेल तर यादीत १४३ पाहायचे. याचा आणखी एक फायदा असा की, अनेक साधे प्लेअर आणि गाडीतले स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कार्डावर उतरवली त्या क्रमाने वाजवतात. फाइली क्रमांकाप्रमाणे लावून एकदमच उतरवल्या की बहुधा वाजण्याचा क्रम आणि यादीचा क्रम एकच राहतो.

लेखनातही एकवाक्यता ठेवावी. आपण ‘मालकंस’ म्हणतो, हिंदी पट्ट्यातून आलेल्या फाइलींवर ‘मालकौंस’ असते. दोन्ही ठेवले तर शोधताना एक निसटते. ‘ॲ’ हे अक्षरही संगणकावर दोन प्रकारे टाइप होते, एकदा सुटे अक्षर म्हणून आणि एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. यादी पूर्ण झाली की एकेका रागाचे नाव शोधून पाहावे आणि जितकी गाणी आहेत असे आपल्याला आठवते तितकी सापडतात का, ते मोजावे.

यादी देण्याची रीत

सहाशे नोंदी एका दमात कोणी वाचत नाही. व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर टाकला तर तो अर्ध्यावर दुमडला जातो आणि बहुतेक जण पुढचा भाग उघडतही नाहीत. मी पूर्ण यादी ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये ठेवतो आणि तिची लिंक देतो. सोबत पंधरा-वीस नोंदींची एक छोटी यादी मजकूर म्हणून पाठवतो, आणि तीत काही तरी सूत्र ठेवतो. आषाढी जवळ आली की अभंग, पावसाळ्यात मल्हाराचे प्रकार, दिवाळीच्या पहाटेसाठी सकाळचे राग. लोक छोटी यादी वाचतात आणि ज्याला रस वाटतो तो मोठीकडे वळतो. लिंक देताना परवानगी तपासावी: पाहण्याची आणि शेरा लिहिण्याची मुभा सर्वांना असावी, बदल करण्याची फक्त आपल्याला. एकदा एका स्नेह्याला मी घाईत बदल करण्याची परवानगी देऊन बसलो आणि त्यांनी सद्हेतूने रागानुसार क्रम लावताना एकच रकाना हलवला. सगळे राग भलत्याच गायकांच्या नावापुढे गेले. तेव्हापासून मूळ यादीची एक प्रत मी वेगळी ठेवतो आणि प्रत्येक यादीच्या माथ्यावर तारीख घालतो.

जे अॅपवर ऐकतात त्यांनी प्लेलिस्टची लिंक जरूर द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. कंपनीचा परवाना संपला की गाणे प्लेलिस्टमधून गायब होते आणि तिथे काय होते याचा मागमूसही राहत नाही. लिंकसोबत नोंदीही लिहिलेल्या असतील तर ते गाणे दुसरीकडे शोधता येते.

छोट्या यादीत आपला अभिप्राय एका वाक्यात लिहावा, आणि तो नेमका असावा. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ असे शब्द कोणालाही काही सांगत नाहीत. ‘बाराव्या मिनिटाला गायिका तार षड्जावर थांबते आणि सारंगी तोच स्वर धरून ठेवते’ असे लिहिले तर वाचणारा ते गाणे शोधून बाराव्या मिनिटापर्यंत नक्की जातो.

यादी पाहून कोणी गाणेच मागितले तर

हे होणारच, आणि याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. यादी देण्यात काहीच गैर नाही. फाइल देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क, प्रसिद्धीनंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० साल संपताना संपला. पण त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो आणि तो कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्यामुळे जुन्या तबकडीवरचा पारंपरिक ख्याल आणि त्याच वर्षीचे भावगीत यांना एकच न्याय लागू होत नाही. मैफिलीत गाणाऱ्या कलाकाराचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, आणि तो पन्नास वर्षांचा असतो.

म्हणून स्रोताच्या रकान्याचा इथे फार उपयोग होतो. ‘विकत मिळते’ अशी नोंद असेल तर मी कोणत्या सीडीवर किंवा कोणत्या अॅपवर आहे ते सांगतो, आणि माणूस ते विकत घेतो किंवा तिथे ऐकतो. ‘घरगुती मैफल’ असेल तर मी फाइल देत नाही, पण माझ्याकडे येऊन ऐकण्याचे निमंत्रण देतो. हेडफोनच्या दोन जोड्या आणि दोन तोंडांची पिन असली की एकाच प्लेअरवर दोघांना ऐकता येते, आणि ऐकताना मधेच थांबवून ‘ही जागा पुन्हा लावा’ असे म्हणता येते.

दुरुस्त्या येतील त्या यादीतच नोंदवाव्यात, जुने नाव पुसून टाकू नये. माझ्या यादीत १४३ क्रमांकापुढे आज असे लिहिलेले आहे: ‘राग देशकार. आधी भूप लिहिले होते. एका श्रोत्यांनी धैवताकडे लक्ष वेधले, पुन्हा ऐकून बदलले.’ त्याच्या खालच्या, १४४ क्रमांकाच्या नोंदीत रागाच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे.